माझी चाचणी, तिची माती

"इतकं आवळू नकोस गं त्याला," फिलोमिना म्हणाली. "पिल्लू आहे ते, पिशवी नव्हे."

मी पिल्लाला दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं आणि ते साऱ्या शेडला ऐकू जाईल असं किंचाळत होतं. डुकराच्या पिल्लाचं ओरडणं ज्यानं ऐकलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. कुणीतरी त्याचा जीव घेतंय असंच वाटतं. शेजारच्या कप्प्यात त्याची आई दांड्यांवर धडका देत होती आणि तिचे बारीक डोळे माझ्यावर रोखलेले होते. फिलोमिनानं ते माझ्या हातून काढून घेतलं, मांडीवर उताणं निजवलं, पोटावरून अंगठा फिरवला, आणि ते गप्प झालं. सुई टोचली तेव्हा 'कुईं' एवढंच म्हणालं. रक्त नळीत उतरलं, पिल्लू आईकडे गेलं, फिलोमिनानं हात पुसले.

"बाईंच्या हाताला गुण आहे," शेडवरचे वामनराव म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मी जळले. नाव बदलून सांगण्यात काही अर्थ नाही. वाईट वाटलं, मन खट्टू झालं, असं पुष्कळ म्हणता येतं, पण ते जळणंच होतं, आणि ते काही त्या दिवशी सुरू झालेलं नव्हतं.

पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला आमचा तो डुक्करखाना होता. पाटीवर 'वराह पैदास केंद्र' असं लिहिलेलं, पण ती पाटी वाचून तिथे कुणी पोचत नसे, वासानंच पोचत. मी भंडाऱ्याची. आमच्या घरी डुकराचं नाव घेतलं तरी आई चूळ भरायची, म्हणून मी म्हशींवर संशोधन करते असं घरी सांगितलं होतं. आई शेजारणींना अभिमानानं सांगायची, आमची यमुना म्हशींची डॉक्टर होणार आहे. सुट्टीत घरी गेले की गल्लीतल्या म्हशी दाखवायला आणायचे लोक, आणि मी गंभीर चेहऱ्यानं त्यांच्या पाठीवर हात फिरवायचे.

डुकरांपर्यंत मला आणलं ते गर्गे मॅडमनी. डॉ. प्रमोदिनी गर्गे. स्वतः कांदा-लसूणही न खाणारी ही बाई उभा जन्म डुकरांच्या रक्तात घालवून बसली होती. त्यांचा विषय होता फेरिटिन. शरीरात शिल्लक पडलेलं लोह ज्या प्रथिनात साठतं ते हे फेरिटिन, म्हणजे लोहाची कोठीच म्हणा ना. डुकरिणीच्या दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि सिमेंटच्या फरशीवर जन्मलेल्या पिल्लाला ते दुसरीकडून कुठून मिळतही नाही. जन्मल्यावर दोन-चार दिवसांत इंजेक्शन दिलं नाही तर पिल्लं पांढरीफटक पडतात आणि मरतात. कोणत्या पिल्लाच्या कोठीत किती शिल्लक आहे हे रक्ताच्या थेंबावरून कळावं, असं मॅडमना हवं होतं. माणसाच्या फेरिटिनच्या तयार चाचण्या बाजारात होत्या, पण त्या डुकराला ओळखत नसत. डुकराच्या रक्तात घातल्या की सगळीकडे शून्य.

म्हणून डुकराची चाचणी आम्हीच तयार केली. आम्ही म्हणजे मी. कत्तलखान्यातून डुकरांच्या प्लीहा आणायच्या, त्या वाटून पाण्यात उकळीच्या अलीकडे तापवायच्या. बाकीची प्रथिनं नासक्या दुधासारखी फाटतात, फेरिटिन तेवढं तग धरून राहतं. ते तांबूस पाणी गाळून शुद्ध करायचं, सशाला टोचायचं, सशाच्या रक्तात त्याच्याविरुद्ध जे तयार होतं ते काढायचं, आणि मग छोट्या खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये असं बसवायचं की डुकराच्या रक्तात फेरिटिन जितकं जास्त तितका पिवळा रंग गडद. हे सांगायला सोपं आहे. मला त्यात तीन वर्षं लागली. पहिल्यांदा खळग्यांत रंग पायरीपायरीनं फिका होत गेलेला दिसला तेव्हा मी प्लेट घेऊन मॅडमच्या खोलीत जवळजवळ धावत गेले होते. त्यांनी ती उजेडात धरली, चष्मा वर केला, खाली केला.

"शेवटची ओळ जरा मळकट वाटते, भोयर," त्या म्हणाल्या. "परत कर."

मग फिलोमिना लोबो आली. सावंतवाडीकडची. तिच्या बापाचं डुक्करपालन होतं, त्यामुळे ती डुकरांतच वाढलेली. उंच, सावळी, मोठ्यानं हसणारी. एरवी आमच्यासारखंच बोलायची, पण रागावली किंवा खूश झाली की थेट मालवणीत शिरायची. तिनं पहिल्याच महिन्यात मॅडमना सांगितलं की तिच्या घरी पिल्लांना इंजेक्शन देतच नाहीत, कप्प्यात कोकणची तांबडी माती टाकतात. पिल्लं ती चाटतात, खातात, आणि गुलाबी राहतात. त्या मातीत लोह आहे हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ते पिल्लाच्या कोठीत जातं का, हे मोजायला मात्र माझी चाचणी हवी होती.

मॅडमनी तिला परवानगी दिली. घरून पोतंभर माती आली. पिल्लांचे दोन गट झाले, एकाला इंजेक्शन, दुसऱ्याला माती. पहिल्या वेताचे आकडे चांगले आले. मातीवाल्या पिल्लांचं फेरिटिन इंजेक्शनवाल्यांच्या थोडंच खाली होतं. मॅडम म्हणाल्या, "वा, फिलोमिना."

मला त्या भोयर म्हणत. तिला फिलोमिना. मला 'परत कर', तिला 'वा'. दुसऱ्या दिवशी मॅडमनी घरून ओल्या नारळाच्या करंज्या आणल्या, लॅबमध्ये सगळ्यांना वाटल्या. मीही खाल्ली. करंजी चांगली होती, हेही जिवाला लागलं.

त्यातच तो जागेचा प्रश्न आला. प्रकल्पाचा पहिला टप्पा संपत होता आणि दुसऱ्या टप्प्यात आम्हा दोघींपैकी एकीलाच ठेवता येणार होतं. नाव मॅडम देणार होत्या. दुसऱ्या वेताचे आकडे झाले की ठरवू, असं त्यांनी दोघींना समोर बसवून सांगितलं. त्या एका जागेवर माझं सगळं होतं. ती गेली तर मला भंडाऱ्याला परत जायचं होतं आणि खरोखरच म्हशींच्या पाठीवर हात फिरवत बसायचं होतं. आणि चाचणी, जी मी हातानं घडवली होती, ती इथे फिलोमिनाच्या हाताखाली राहणार होती.

मॅडमच्या लॅबमध्ये एक शिरस्ता होता. कुणाचाही आकडा फेरतपासणी झाल्याशिवाय खोलीबाहेर जात नसे. नळ्यांवरची नावं झाकून नुसते क्रमांक ठेवायचे आणि दुसऱ्या कुणीतरी तीच चाचणी पहिल्यापासून करायची. हा दुसरा कोण, ते मॅडम ठरवत आणि नळ्यांचा स्टँड स्वतः नेऊन त्याच्यापुढे ठेवत. लॅबमध्ये आणखी मुलंमुली होती, पण फिलोमिनाच्या नळ्या माझ्याकडे यायच्या आणि माझ्या तिच्याकडे जायच्या. ती माझ्या कामात भयंकर खुसपटं काढायची. ही नळी नीट हलवली नव्हती का, या खळग्यात बुडबुडा होता का. काल आलेली पोरगी मला माझीच चाचणी शिकवते, असं म्हणून मी धुसफुसत ते पुन्हा करायचे. मनात म्हणायचे, हिला काय, सगळं आयतं मिळालंय, वर शहाणपणा करायला मोकळी.

तर त्या सकाळी आम्ही रक्त घेतलं ते दुसऱ्या वेताचं. संध्याकाळी यंत्रावर आकडे आले आणि लॅबमध्ये एकच गलबला झाला. मातीवाल्या पिल्लांचं फेरिटिन या वेळी इंजेक्शनवाल्यांच्या बरोबरीला आलं होतं, काहींचं तर चक्क वर. फिलोमिनानं टेबलावर थाप मारली. "माझ्या पप्पाक सांगूक व्हया," ती म्हणाली आणि फोन करायला पळाली. मॅडम त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नळ्यांचा स्टँड आणून माझ्यापुढे ठेवला.

मी इतक्या मनापासून काम क्वचितच केलं असेल. एकेक थेंब मोजून टाकला. प्लेट धुताना श्वास रोखला. आकडे आले ते तिचेच. मी पुन्हा केलं, नवीन द्रावणं करून. तेच आकडे. तिसऱ्यांदा केलं तेव्हा बरोबरच्या मुलानं विचारलं, ताई, काही बिघडलंय का? मी म्हटलं, अजून नाही.

जेवायलाही न जाता मी त्या प्लेटीपुढे बसून राहिले. चाचणी चुकीची म्हणावी तर माझंच नाक कापलं जात होतं. फिलोमिनाचा हात चुकला म्हणावं तर माझ्या हातूनही तेच आलं होतं. आणि तरी ते मला पटत नव्हतं. पटत नव्हतं याला शास्त्रीय कारण काडीचंही नव्हतं, ती जिंकलेली मला नको होती एवढंच. चाचणी बरोबर, हात बरोबर, आकडे बरोबर. उरली डुकरं. मी उठले आणि शेडकडे निघाले.

एकटी मी तिथे कधी जात नसे. वामनराव जेवायला गेले होते. मी मातीवाल्या कप्प्याशी उभी राहिले. फिलोमिनानं एका कोपऱ्यात तांबड्या मातीचा ढीग घातला होता आणि पिल्लं त्याच्या कडेनं एकमेकांवर रेलून पडली होती. झोपली असतील म्हणून मी हिय्या करून आत पाय टाकला, डुकरीण पलीकडे होती. एक पिल्लू उचललं. दातओठ आवळून तयार राहिले होते मी त्याच्या किंकाळीसाठी.

ते ओरडलंच नाही.

माझ्या हातात, जिथे प्रत्येक पिल्लानं आकाशपाताळ एक केलं होतं, तिथे ते लोळागोळा होऊन पडून राहिलं. दुसरं उचललं, तेही तसंच. मी त्याचा कान उजेडाकडे धरला. निरोगी पिल्लाचा कान आरपार गुलाबी दिसतो, हा जुन्या कागदासारखा दिसत होता. अंग गरम होतं. पुढच्या पायाचा सांधा सुजला होता. शेपटीखाली पांढरी घाण लागलेली. आदल्या दिवशी रक्त घेताना फिलोमिनाच्या मांडीवर ती गप्प पडत होती त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. मीही तिच्या हाताचा हेवा करण्यात गुंतले होते. माझ्या हातात त्या दिवशी जे ओरडलं ते इंजेक्शनवाल्या गटातलं होतं, हे मला तेव्हा आठवलं.

मी त्यांचं थोडं थोडं रक्त घेतलं. कसं घेतलं ते विचारू नका. लॅबमध्ये येऊन हिमोग्लोबिन मोजलं. कमी. सगळ्यांचंच कमी, काहींचं तर जगण्याच्या काठावर. कोठीत लोह भरपूर आणि रक्तात दुष्काळ. मग मला उमगलं. अंगात जंतू शिरले की शरीर लोह बाहेर फिरू देत नाही, जंतूंना मिळू नये म्हणून आत ओढून कुलूप लावतं. अशा वेळी फेरिटिन वाढलेलं दिसतं. ती पुष्टी नसते, तो आजार असतो. हे पुस्तकात मी वाचलं होतं, फिलोमिनानं वाचलं होतं, मॅडमनी तर शिकवलं होतं. पण आकडा आपल्या मनासारखा आला की पुस्तक कोण उघडतं?

त्याच दुपारी आठवड्याची बैठक होती. मी फिलोमिनाचं बोलून होऊ दिलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "फेरतपासणी?"

"आकडे बरोबर आहेत," मी म्हणाले.

फिलोमिना माझ्याकडे बघून हसली. मग मी बाकीचं सांगितलं. कान, सांधे, ताप, हिमोग्लोबिन. एकेक सांगताना मला इतका आनंद होत होता की आवाज सरळ ठेवायला कष्ट पडत होते. ही पिल्लं सशक्त नाहीत, आजारी आहेत, आणि आपण त्यांच्या आजारालाच यश समजतोय, असं मी म्हणाले.

मला वाटलं होतं ती भांडेल. निदान रडेल. तिनं फक्त विचारलं, "कुठल्या कप्प्यातली? सगळीच?" मी हो म्हणाले, आणि ती खुर्ची सरकवून निघून गेली. खिडकीतून ती पळताना दिसली, ओढणी एका खांद्यावरून लोंबकळत होती. मॅडमनी बैठक संपवली आणि डॉक्टरांना फोन केला.

संध्याकाळपर्यंत सगळं कळलं. घरून आलेली माती पहिल्या वेतातच संपली होती. दुसऱ्या वेताला तिनं आमच्याच आवारातल्या रोपवाटिकेतून माती आणली. रंगानं तीच, तांबडीलाल. रोपवाटिकेत त्या मातीत खत मिसळत, आणि ते खत येई आमच्याच डुक्करखान्यातून. मोठ्या डुकरांची घाण फिरून पिल्लांच्या तोंडात गेली होती. माती ती माती, असं म्हणून ती फसली होती. डुकरांत वाढलेल्या मुलीकडून झालेली ही चूक मला तेव्हा फार गोड वाटली.

एक पिल्लू दगावलं. बाकीची फिलोमिनानं ओढून काढली. इंजेक्शनं, औषधं, गूळपाणी, गोणपाटाची ऊब. पुढचे कित्येक दिवस ती लॅबकडे फिरकलीच नाही, शेडमध्येच असायची.

पिल्लं उभी राहिल्यावर मॅडमनी मला बोलावलं. मी साडी नीट करून गेले. करंज्यांची अपेक्षा नव्हती, पण एखादा 'वा' मिळेल असं खरंच वाटत होतं.

"जागा तुझी," मॅडम म्हणाल्या. "फिलोमिनाला मी सकाळीच सांगितलंय."

मी आभार मानले. मानायचे म्हणून मानले, कारण पुढे काहीतरी येईल म्हणून मी थांबले होते. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"फेरतपासणी मी कुणाला देते, याचा कधी विचार केलायस, भोयर?"

नाही म्हणाले.

"ज्याला ते आकडे चुकलेले हवे असतात, त्याला. आपल्याला ज्याचं भलं व्हावंसं वाटतं त्याचं काम आपण डोळे अर्धे मिटून बघतो. मीसुद्धा तसंच बघितलं, तुझ्या डोळ्यांदेखत. माझी चाळीस वर्षांची विद्या त्या आकड्यांपुढे हसत बसली. जळणारा माणूस मात्र कंटाळत नाही. तो तिसऱ्यांदा प्लेट लावतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर जेवण सोडून शेडमध्ये जातो."

माझे कान तापले. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"भोयर, ते वामनरावांनासुद्धा ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं ते मला तेव्हा समजलं. जागा मिळाली होती, आणि तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. इतकी वर्षं मी चेहरा किती कोरा ठेवते याचा मला अभिमान होता. मी दारापर्यंत गेले. तिथे एक गोष्ट डोक्यात आली आणि मी तशीच उभी राहिले.

"मॅडम, मग माझ्या नळ्या..."

त्यांनी चष्मा घातला होता आणि समोरचे कागद ओढून घेतले होते. "त्या कुणाकडे जातात ते तुला माहीत आहे," त्या वर न बघता म्हणाल्या.

फिलोमिना धुण्याच्या खोलीत होती. जाण्यापूर्वी आपली काचेची भांडी धुऊन ठेवत होती. मला बघून तिनं नळ बंद केला नाही. तुझी जागा गेली त्याचं वाईट वाटतं असं म्हणण्याइतकी मी खोटी नव्हते.

"तू काहून जळायचीस माझ्यावर?" मी विचारलं. रागात माझी गावाकडची बोली बाहेर येते. "माझ्याकडं होतं काय असं? करंज्या तुला. वा तुला. नावानं हाक तुला."

तिनं नळ बंद केला. "मॅडमनी सांगितल्यानी?"

"त्यांनी काही नाही सांगितलं. मीच समजले."

तिनं ओले हात ओढणीला पुसले. मग म्हणाली, "माका तेंनी कधी एकदा ओरडूक नाय."

मला कळलं नाही.

"तुका म्हणतत, परत कर. दर वेळी. तू तीन वर्षां काम केलंस तरी परत कर. माका पहिल्या दिसापासून वा, वा, वा. पावण्याक म्हणतत तसा. करंज्यो कोणाक करतत गो? पावण्याकच ना? परत कर म्हणूक माणूस घरचो लागता." तिचा आवाज फाटला. "तुझी एक तरी चूक हाताक गावात म्हणान दोन वर्षां तुझ्यो प्लेटी बघलंय मी. एक गावाक नाय. माझी तू एका दिसात हुडकून काढलंस."

दोन वर्षं मी जिच्यावर खार खाऊन होते, ती माझ्या करपलेल्या आयुष्याकडे जिभल्या चाटत बघत होती, हे मला गिळवत नव्हतं. खरं सांगायचं तर त्यातही मला आधी बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि मग तिनं पुन्हा नळ सोडून धुतलेलंच भांडं धुवायला घेतलेलं दिसलं. भांड्यांतलं एक चंचुपात्र मी उचललं आणि पुसायला लागले. सगळी भांडी होईपर्यंत ती धूत गेली, मी पुसत गेले. जाताना ती म्हणाली, "पिल्लांका तुझी सवय लाव. आता ती तुझी आसत."

ती गोव्यात गेली. तिथल्या एका मोठ्या डुक्करपालन केंद्रानं तिला ठेवून घेतलं, आणि पुढे तिथली लॅब तिच्याच हाती आली. माती तिनं सोडली नाही. भाजून, निर्जंतुक करून देऊ लागली आणि तो प्रयोग तिनं यशस्वी करून दाखवला. मी इथेच राहिले. मॅडम मला शेवटपर्यंत भोयरच म्हणाल्या. त्या निवृत्त झाल्या आणि त्यांची खुर्ची माझ्याकडे आली, तेव्हा फेरतपासणीचा शिरस्ता मी तसाच चालू ठेवला.

अडचण एकच होती. माझ्या नळ्या कुणाकडे द्यायच्या? मयूरी नावाची हुशार मुलगी होती माझ्याकडे, तिला दिल्या. अर्ध्या दिवसात तिनं परत आणल्या. "सगळं बरोबर आहे, ताई." पुढच्या वेळीही तसंच. त्यानंतरही. तिचा माझ्यावर फार जीव होता. वाढदिवसाला माझ्यासाठी भेटकार्ड करायची. शेवटी एकदा मी मुद्दाम दोन नळ्यांचे क्रमांक आपसात बदलले आणि स्टँड तिच्यापुढे ठेवला. संध्याकाळी तिनं तो हसत हसत परत आणला.

"सगळं बरोबर आहे, ताई."

मी तिला शाबासकी दिली. मग दार लावून घेतलं, त्याच नळ्या बर्फाच्या डब्यात घातल्या आणि गोव्याच्या रातराणीच्या ड्रायव्हरकडे दिल्या. सोबत माझे आकडे दिले, दुसरं काही लिहिलं नाही. चिठ्ठीत लिहिण्यासारखं काय होतं? इतक्या वर्षांत आम्ही दिवाळीचा एखादा फोन सोडला तर बोललेलोही नव्हतो.

दोन-तीन दिवसांनी फोन वाजला.

"तिसरी आणि आठवी उलट आसत," फिलोमिना म्हणाली. नमस्कार नाही, काही नाही. "मुद्दाम केलंस?"

"हो."

"कित्याक?"

मी मयूरीबद्दल सांगितलं. करंज्या मी कुणाला करत नाही, तरी ही पोरगी माझ्यावर जळतच नाही, असं सांगितलं. ती इतकी हसली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. मग म्हणाली, "खरा सांग. तू अजून जळतंस माझ्यार?"

माझ्या टेबलावर तिचा भाजलेल्या मातीवरचा नवा लेख पडला होता. चूक सापडावी म्हणून मी तो त्या आठवड्यात दोनदा वाचला होता.

"रोज," मी म्हणाले.

"मग बरा," ती म्हणाली. "सोमवारी माझ्यो नळ्यो धाडतंय. नीट बघ."